संकेतस्थळाची नाश यादी कोण ठेवतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : शासकीय संकेतस्थळांवरून न सांगता काढली जाणारी कागदपत्रे

महोदय,

महसूल खात्यातली माझी बहुतेक नोकरी अभिलेख कक्षात, म्हणजे लोक ज्याला रेकॉर्ड रूम म्हणतात तिथे गेली. ज्याला कुठलेच टेबल देता येत नाही त्याला रेकॉर्डला बसवतात, असा समज कचेऱ्यांत आहे आणि तो अगदीच खोटा नाही. पण तिथे बसल्यावर एक गोष्ट पक्की कळते. सरकारी कागद ठेवायचे जसे नियम आहेत तसे तो नष्ट करायचेही आहेत, आणि हे दुसरे जास्त कडक आहेत. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, आणि अगदी किरकोळ ‘ड’ वर्गाचे वर्षभर. आता वर्ष झाले म्हणून ‘ड’चा गठ्ठा उचलून बंबात घालता येत नाही. त्याची यादी, म्हणजे ‘नाश यादी’, करायची, साहेबांपुढे ठेवायची, मंजुरीची सही घ्यायची आणि मगच फाडायचे. कागद जातो, यादी राहते. पुढे कोणी विचारायला आले तर ‘अमुक तारखेला, अमक्याच्या आदेशाने नष्ट केले’ एवढे तरी सांगता येते.

हे आज लिहायला कारण झाले ते एका नगरपरिषदेचे संकेतस्थळ. नाव देत नाही. नाव दिले तर दुरुस्ती तेवढ्या एकाच गावाची होईल, आणि दुखणे सगळीकडचे आहे.

आमच्या आळीतल्या एका वहिनींच्या नावे गावाच्या हद्दीत सहा गुंठे जागा आहे. विकास आराखड्यात, डीपीत, तिच्यावर बगीच्याचे आरक्षण पडले. बगीचा झाला नाही, मोबदला मिळाला नाही, आणि आरक्षण असल्यामुळे घर बांधायची परवानगीही मिळेना. १९६६ च्या नगररचना कायद्यात (एमआरटीपी म्हणतात तो) कलम १२७ अशाच लोकांसाठी आहे. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादन केली नाही तर मालकाने नोटीस द्यायची; नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप सुटते. सगळा हिशेब एका तारखेवर येऊन थांबतो : आराखडा अंमलात कधी आला?

त्यातही मेख आहे. आराखडा पुष्कळदा एकदम मंजूर होत नाही. मोठा भाग आधी मंजूर होतो, आणि ज्यात शासनाला भरीव बदल करायचे असतात तो भाग वगळून, ‘ईपी’ म्हणून, मागाहून वेगळ्या अधिसूचनेने मंजूर होतो. वहिनींची जागा नेमकी या वगळलेल्या भागात. त्यामुळे अधिसूचना दोन, तारखा दोन, आणि वकील म्हणतात आधी दोन्ही आणा.

नगरपरिषदेच्या जुन्या संकेतस्थळावर हे सगळे होते. डाव्या हाताला ‘विकास योजना’ असा दुवा होता, त्यात नकाशाची पत्रके आणि मंजुरीच्या अधिसूचना होत्या. नकाशा स्कॅन करणाऱ्याने घाई केली असावी, कारण हिरव्या पट्ट्यावरचा सर्व्हे नंबर वाढवून पाहिला की नुसता ठिपका दिसे. अधिसूचना मात्र नीट वाचता येई. सर्वसाधारण सभेचे ठरावही सालवार लावलेले होते, आणि ते काम ज्या कुणी केले त्याचे मी मनातल्या मनात कौतुकही केले होते.

मध्यंतरी संकेतस्थळाला नवे रूप आले. आता माथ्यावर सरकती छायाचित्रे आहेत, वृक्षारोपण आहे, सत्कार आहेत, किती लोकांनी भेट दिली ते मोजणारा आकडा आहे. ‘विकास योजना’ हे शब्दही आहेत, पण त्यावर टिचकी मारली की ‘लवकरच येत आहे’ असे उमटते. ठरावांची यादी प्रशासकांच्या काळापासून सुरू होते. त्याआधी या गावात सभाच भरत नव्हती असे एखाद्या नव्या माणसाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

वहिनींनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत. मुदत संपता संपता उत्तर आले : ‘सदर माहिती या कार्यालयाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याने तेथून प्राप्त करून घ्यावी.’ कचेरी संकेतस्थळाकडे बोट दाखवते, आणि संकेतस्थळ म्हणते लवकरच येत आहे! मग मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. टेबलावरचा मुलगा भला होता. आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, ‘काका, जुन्या ठेकेदाराची मुदत संपली. नव्यानं नवी साइट केली. जुन्या साइटचा सगळा डेटा सीडीवर घेतलाय, काळजी करू नका.’ सीडी खरोखरच कपाटात होती, वर पेनने तारीखसुद्धा घातलेली. ती लावायची खाच मात्र कचेरीतल्या एकाही संगणकाला नव्हती.

तारीख शेवटी कागदावरच मिळाली. अशी अधिसूचना शासन राजपत्रात येते. आमच्या भागातली भाग एकच्या पुणे विभागीय पुरवणीत. जिल्ह्याच्या ठिकाणी एका जुन्या वाचनालयात या पुरवण्या बांधून ठेवल्या आहेत. माथ्यावर ‘गुरुवार ते बुधवार’ अशी आठवड्याची मुदत, शेजारी शके. कागद पिवळा, बांधणीची दोरी सैल, आणि खालच्या कोपऱ्यात कसरीने अर्धगोल कुरतडलेला. पण सर्व्हे नंबर, ईपीचा क्रमांक आणि अंमलाची तारीख तिन्ही जागच्या जागी. ग्रंथपाल बाईंनी झेरॉक्सवर वाचनालयाचा शिक्का मारून दिला आणि वर चहाही दिला. राजपत्र आता इंटरनेटवरही असते, हे मला ठाऊक आहे. पण तिथे तारखेवरून अंक काढणे सोपे, आणि आम्ही नेमकी तारीखच शोधत होतो.

वहिनींचे काम झाले, किंवा निदान मार्गाला लागले. पण माझ्यासारख्या रेकॉर्डच्या माणसाला प्रश्न पडतो तो वेगळा. ते जुने संकेतस्थळ ‘नष्ट’ केले गेले. त्याची यादी कुठे आहे? मंजुरी कोणी दिली? त्यात ‘अ’ वर्गाचे काय होते आणि ‘ड’ वर्गाचे काय होते, हे कोणी पाहिले?

कोणी म्हणेल, संकेतस्थळ काय आणि अभिलेख काय, एवढे काय त्यात. कायदा तसे म्हणत नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे. त्या वेळी आमच्या तहसिलीत टंकलेखन यंत्राची फीत बदलायला मिळाली तरी सण वाटायचा. तरीसुद्धा त्या कायद्याने अभिलेखाच्या व्याख्येत हस्तलिखित, नस्ती, मायक्रोफिल्म यांच्या जोडीने संगणकाने तयार झालेली सामग्रीही घातली. ज्याने कोणी तो मसुदा लिहिला तो दूरचे बघणारा होता. विहित रीतीशिवाय अभिलेख नष्ट केला तर ५ वर्षांपर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८९२ पूर्वीचा कागद तर पार निकामी झाल्याखेरीज नष्टच करता येत नाही. हा कायदा केंद्राच्या कचेऱ्यांचा. महाराष्ट्राने २००५ मध्ये आपला स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख कायदा केला. माहिती अधिकाराचा कायदा त्याच सालचा. त्याचे कलम ४ सांगते की अभिलेखांच्या सूच्या करून ठेवा, संगणकावर आणण्याजोगे असेल ते आणा, आणि १७ बाबी लोकांनी मागायची वाट न बघता स्वतःहून जाहीर करा. त्याला १२० दिवसांची मुदत होती. हे ‘सतरा मुद्दे’ आज बहुतेक संकेतस्थळांवर सापडतात, नाही असे नाही. एका ठिकाणी उघडून पाहिले तर जनमाहिती अधिकारी म्हणून ज्यांचे नाव होते त्यांच्या सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमाला मी जेवून आलो होतो, त्यालाही बरीच वर्षे झाली.

सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. जुना मजकूर कुठे ठेवायचा, किती काळ ठेवायचा, याचे धोरण प्रत्येक संकेतस्थळाने ठरवावे, असे त्यांत आहे. ते धोरण पुष्कळदा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतेही. एका धोरणात दुसऱ्याच खात्याचे नाव तसेच राहून गेलेले मी पाहिले आहे. उचलून डकवणाऱ्याने वाचले नाही आणि मंजूर करणाऱ्यानेही वाचले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तर नियमांची वाण नाही. घोटाळा कुठे होतो ते सांगतो. कागदाची जबाबदारी अभिलेखपालाची असते. सहा गठ्ठा पद्धतीत कोणते प्रकरण कोणत्या गठ्ठ्यात, कोणते रेकॉर्डला पाठवायचे, कोणते वर्षाने नष्ट करायचे, हे नव्याने लागलेल्या लिपिकालाही पाठ असते. संकेतस्थळ मात्र संगणक कक्षाकडे, आणि संगणक कक्ष म्हणजे बहुतेक ठिकाणी एक कंत्राटी मुलगा आणि शहरात बसलेला ठेकेदार. या दोन टेबलांची कधी गाठच पडत नाही. निविदा निघते ती ‘नवीन संकेतस्थळ तयार करणे व देखभाल करणे’ अशी. ‘जुन्या संकेतस्थळावरील सर्व कागदपत्रे त्यांच्या मूळ पत्त्यांसह नव्यावर आणणे, न आणलेल्यांची यादी कार्यालय प्रमुखांकडून मंजूर करून घेणे’ ही ओळ तिच्यात नसते. ठेकेदाराला मी बोल लावत नाही. जे मागितले नाही ते तो कशाला देईल?

बरे, संकेतस्थळाचा पत्ताही पुष्कळदा ठेकेदाराच्याच नावावर घेतलेला असतो. त्याने वार्षिक पैसे भरले नाहीत की तो सुटतो आणि दुसरा कोणीतरी उचलतो. एका ग्रामपंचायतीच्या जुन्या पत्त्यावर आता रमीची जाहिरात लागते. ग्रामसभेच्या इतिवृत्ताच्या जागी ‘आजच खेळा’!

यात एक भर मराठीची म्हणून वेगळी आहे, आणि ती इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. युनिकोड रुळण्याआधी आपल्या कचेऱ्यांतले टंकन श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख, योगेश अशा फाँटांत झाले. ज्येष्ठता याद्या, टंचाई आराखडे, वतनांच्या नोंदींची पत्रके, काय वाटेल ते. त्या फाइली आज दुसऱ्या संगणकावर उघडा. फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नसतो, तो फक्त कोणाला वाचता येत नाही. मोडीचे एक बरे आहे, तिला शिकवणारी माणसे अजून आहेत. फाँट बदलून देणारी साधने आहेत, पण त्यासाठी ती फाइल कोणत्या फाँटात होती हे माहीत लागते आणि ते कुठेच लिहिलेले नसते.

पीडीएफची तऱ्हा तर रोजची आहे. कागद छापायचा, त्यावर सही करायची, पुन्हा स्कॅन करायचा आणि तिरका चढवायचा. ते झाले चित्र. त्यात ‘पाणीपुरवठा’ शोधा, काहीही सापडणार नाही. आणि जी पीडीएफ थेट संगणकावरून केलेली असते तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरे फुटतात, रफार हवेत तरंगतो. म्हणजे डोळ्यांना मराठी दिसते, शोधयंत्राला ती दिसत नाही. जे सापडत नाही ते असून नसल्यासारखेच, हे रेकॉर्ड रूममध्ये कोणालाही विचारा. सूची नसलेल्या खोलीत दहा हजार गठ्ठे असले काय आणि नसले काय.

सगळेच वाईट चालले आहे असे म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. सातबाऱ्याचेच घ्या. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरी मिळतो. ज्याने तलाठी सजावर दिवस घालवले आहेत त्याला याची किंमत विचारा. त्याहून मला आवडते ती शासन निर्णयांची पद्धत. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी ते ठरावीक वाक्य असते : सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे. पुढे अठरा आकडे. सुरुवातीच्या आठ आकड्यांत साल, महिना आणि दिवस वाचता येतो. हा आकडा हातात असला की जीआर खरा की खोटा ते घटकेत कळते. आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटावर महागाई भत्त्याचा जीआर येतो, पेढे वाटायची भाषा सुरू होते, आणि मी आकडा घालून पाहतो तर असा निर्णयच नसतो. गटात मला कोणी फारसे विचारत नाही, त्याचे हेही एक कारण असेल.

मग हीच पद्धत खाली का उतरू नये? मंत्रालयातल्या निर्णयाला न बदलणारा आकडा मिळतो. जिल्हा परिषदेच्या ठरावाला, नगरपरिषदेच्या आराखड्याला, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला तसा आकडा नाही. आज पुष्कळ आदेश तर संकेतस्थळावरही येत नाहीत. कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो गटांवर फिरतो, निम्म्या फोटोंत जावक क्रमांक अंगठ्याखाली झाकलेला असतो. शाळेला सुट्टी जाहीर करायला तेवढे पुरे. पण पीक नुकसानीच्या पंचनाम्याचा आदेश, पाणी कपातीचा आदेश, टँकर मंजुरी, यांची गरज दोन वर्षांनी पडते, आणि तेव्हा फोन बदललेला असतो.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे गेली आणि वरच्या मजल्यांवरच्या फाइलींची राख झाली. त्यानंतर कागदाला पर्याय म्हणून संगणकाचा धोशा लागला आणि तो बरोबरच होता. आमच्याकडेही स्कॅनिंगची यंत्रे आली, ठेके निघाले. कागद जळतो, भिजतो, वाळवी खाते. हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. पण आगीच्या दुसऱ्या दिवशी काय गेले याची मोजदाद तरी झाली. संकेतस्थळ बदलले त्या दिवशी काय गेले याची मोजदाद करायला कोणी बसत नाही, कारण काही गेले हेच कोणाला कळत नाही.

जुना कागद कोणाला लागतो, असे विचारणाऱ्यांना २०२३ आठवावे. न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि ज्या खोल्यांकडे कोणी फिरकत नसे तिथे दिवे लागले. मराठा आरक्षणाच्या वादात मला पडायचे नाही, ते ठरवणारे ठरवतील. मी सांगतो ते खोलीतले. कोतवाल बुके निघाली, म्हणजे गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे निघाली, मराठवाड्यात खासरा पत्रके निघाली. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, मोडीच्या नादापायी घरी बोलणी खाणारे, एकदम कामाचे माणूस झाले. ज्या कोतवालाने शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या जन्माची नोंद बोरूने केली त्याला ती कशासाठी लागणार याची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्याला एवढेच माहीत होते की हे पुस्तक कचेरीत जमा करायचे असते. त्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. चांगले झाले. आता माझ्या डोक्यात पुढचा प्रश्न आहे. जिल्ह्यांची संकेतस्थळे पूर्वी एनआयसीच्या, म्हणजे केंद्राच्या संगणक यंत्रणेच्या, जुन्या पत्त्यांवर असत, ती काही वर्षांपूर्वी नव्या साच्यात, नव्या पत्त्यांवर गेली. पुढच्या वेळी साचा बदलेल तेव्हा या स्कॅन प्रतींचे काय, हे आजच कुठे लिहून ठेवले आहे का?

१८८५ साली छापलेला सातारा जिल्ह्याचा गॅझेटिअर मी घरबसल्या वाचू शकतो. तो छापील आहे, आणि शासनाने तो इंटरनेटवरही दिला आहे. त्यात कोणत्या गावात कोणत्या वारी बाजार भरतो तेसुद्धा आहे. माझ्याच गावचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा ठराव मात्र मला वाचता येत नाही.

सगळेच ठेवा, असा माझा हट्ट नाही. सगळे ठेवणारा माणूस रेकॉर्ड सांभाळत नसतो, तो अडगळ सांभाळत असतो. शिवाय काही गोष्टी संकेतस्थळावरून काढल्याच पाहिजेत. योजनांच्या लाभार्थ्यांच्या याद्या मोबाइल क्रमांक आणि बँक खात्यांसकट चढवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या खाली उतरवणे हे पुण्यकर्म. पण तेही यादी करून आणि सही करून. एकाच्या खासगीपणाचे निमित्त करून सगळ्या गावाचा ठराव झाकता येऊ नये. माहिती अधिकाराच्या वैयक्तिक माहितीच्या कलमात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बदल झाल्यापासून तर ही काळजी जास्तच घ्यायला हवी.

बाहेर हे कसे करतात ते माझ्या भाच्याने दाखवले. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय अभिलेखागारच सरकारी संकेतस्थळांच्या प्रती काढून ठेवते आणि त्या कोणालाही बघता येतात. अमेरिकेत सत्ताबदलाच्या वेळी सरकारी पाने टिपून ठेवायचे काम ग्रंथालये आणि काही संस्था मिळून २००८ पासून करतात. तरी तिथेही २०२५ च्या सुरुवातीला आरोग्य खात्याची पाने रातोरात उतरवली गेली, डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली आणि न्यायाधीशांनी ती परत चढवायला लावली. त्याच भाच्याने जुन्या संकेतस्थळांच्या प्रती दाखवणाऱ्या ‘वेबॅक मशीन’वर आमच्या नगरपरिषदेचा जुना पत्ता घालून दिला. पहिले पान हुबेहूब आले, तेव्हाच्या नगराध्यक्षांच्या फोटोसकट. आतल्या पीडीएफ आल्या नाहीत. परदेशातली एक धर्मादाय संस्था आमच्या गावचे दर्शनी पान जपते, याबद्दल तिचे आभार मानावेत की आपली लाज वाटून घ्यावी, मला ठरवता आले नाही. महत्त्वाचे पान दिसले की ते तिथे जतन करून ठेवायची सोय कोणालाही फुकट वापरता येते, हे मात्र वाचकांना सांगून ठेवतो.

माझी मागणी मोठी नाही. नवा कायदा नको, नवे महामंडळ नको. सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढावे, त्यालाही तो अठरा आकडी संकेतांक पडेलच. त्यात एवढेच असावे की कोणत्याही शासकीय किंवा निमशासकीय संकेतस्थळावरून कागद काढायचा तर ‘ड’ वर्गाच्या कागदाला लागते तशीच नाश यादी लागेल, तिच्यावर कार्यालय प्रमुखाची सही लागेल, आणि ती यादी त्याच संकेतस्थळावर कायम राहील. संकेतस्थळाचा पत्ता कार्यालयाच्या नावावर असावा, ठेकेदाराच्या नाही. आणि संकेतस्थळाच्या फाइलीवर अभिलेखपालाची टिपणी घेतल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये. देयक अडले की सगळे हलते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

तोवर मी माझ्यापुरते एक केले आहे. त्या नगरपरिषदेकडे नवा अर्ज टाकला आहे. जुने कागद मागितलेले नाहीत. जुने संकेतस्थळ बंद करताना केलेल्या नाश यादीची आणि तिच्या मंजुरीची प्रत मागितली आहे. यादी नसेल तर ‘अशी यादी केलेली नाही’ असे लेखी द्यावे, असेही लिहिले आहे. उत्तर आले की आपल्याला कळवीन.

जाता जाता थोडे आपल्याकडेही. आराखड्यांच्या हरकती-सूचनांच्या नोटिसा, भूसंपादनाच्या जाहिराती, हे सगळे स्थानिक वृत्तपत्रांत छापून यावे लागते आणि न्यायालयात तोच अंक पुरावा म्हणून लागतो. १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकांच्या आणि १९५६ पासून वृत्तपत्रांच्याही प्रती ठरलेल्या ग्रंथालयांत जमा कराव्या लागतात. मुंबईत त्या टाउन हॉलमध्ये जातात. ई-पेपरला त्या कायद्यात जागा नाही. आपल्या ई-पेपरवर जुने अंक काही काळाने दिसेनासे होतात, आणि त्यांत या जाहिरातीही जातात. निदान जाहीर नोटिसांची पाने तारीखवार खुली ठेवता आली तर पाहावे. वहिनींना त्या वगळलेल्या भागाच्या हरकतींची नोटीस अजून मिळायची आहे. ती आपल्याच जिल्हा पुरवणीत आली होती, असे त्यांच्या वकिलांचे म्हणणे आहे.

कळावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त अभिलेखपाल
जि. सातारा